दुसऱ्याच्या दुकानाची पाटी

गेल्या पांचसात वर्षांत आमच्या मध्यम स्थितीच्या घरांतून एक नवाच वाद ऐकूं येऊं लागला आहे. पदवी पदरांत पडलेली मुलगी दिवसाचे चारपांच तास मोबाइलपुढें बसते; वडिलांना वाटतें कीं, हा सारा वेळ फुकट चालला; आणि विचारावें तर उत्तर मिळतें, 'बाबा, मी काम करते आहे.' हें काम म्हणजे नेमकें काय, त्याचे पैसे कोण देतो, तें किती दिवस टिकेल, आणि त्याच्या भरंवशावर मुलांना नोकरीच्या परीक्षांपासून दूर राहूं द्यावें कीं नाहीं, हे प्रश्न आतां केवळ पुण्यामुंबईचे राहिलेले नाहींत. अकोला जिल्ह्यांतील बाळापुरासारख्या तालुक्याच्या गांवींही ते विचारले जात आहेत. आम्ही त्यांचा विचार मुद्दाम बाळापूरच डोळ्यांपुढें ठेवून करणार आहों. कारण मोठ्या शहरांतील उदाहरणांनीं लहान गांवच्या माणसाची समजूत पटत नाहीं, आणि पटूंही नये.

प्रथम कामाचें स्वरूप पाहूं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप इत्यादिकांस समाजमाध्यमें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कापडवाला, सोनार, शिकवणीवर्गाचे चालक, मंगल कार्यालयाचा मालक, बीबियाणें विकणारा कृषि केंद्रवाला अशा लोकांनीं तेथें आपल्या धंद्याच्या नांवानें एखादें पान उघडून ठेवलेलें असतें. उघडण्यास पैसा लागत नाहीं, म्हणून उत्साहाच्या भरांत तें उघडलें जातें. दसऱ्याला एक छायाचित्र चढतें, दिवाळीला एक शुभेच्छापत्र, आणि पुढें वर्षभर तिकडे कुत्रेंही फिरकत नाहीं. अशीं ओस पडलेलीं पानें नांदतीं ठेवणें, हें या व्यवसायाचें काम होय. मालाचीं छायाचित्रें घेणें, ज्यांना रील म्हणतात त्या आखूड चित्रफिती तयार करणें, त्यांखालीं दोन ओळींचा नेटका मजकूर लिहिणें, आलेल्या विचारणांना उत्तरें देणें, क्वचित् मालकाच्या पैशानें थोडी जाहिरात चालविणें, आणि कोणत्या गोष्टीनें किती गिऱ्हाईक दाराशीं आलें याचा कागद महिनाअखेर मालकापुढें ठेवणें, इतकें सारें त्यांत येतें. एकाच दुकानांत नोकर म्हणून न बसतां चारपांच धंदेवाल्यांचें हें काम ठराविक मासिक मोबदल्यावर स्वतंत्रपणें पत्करणाराला फ्रीलान्सर म्हणतात. आम्ही त्याला या लेखापुरतें 'पान सांभाळणारा' म्हणूं; म्हणजे नांवाच्या भपक्यानें कोणी दिपून जाणार नाहीं आणि कोणी बिचकणारही नाहीं.

बाळापूर म्हटलें कीं किल्ला आठवतो. मन व म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला १७५७ सालीं एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें पुरा केला. नदीकांठीं मिर्झाराजा जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी छत्री आहे, गांवाला जिच्यावरून नांव पडलें ती बाळादेवी आहे, आणि १७२० सालीं निजामुल्मुल्कानें आलमअलीखानाचा पराभव केला तें रणही याच गांवाच्या परिसरांतलें. सारांश, गांव एके काळीं रस्त्यावरचें होतें. पुढें भुसावळहून निघालेली आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. ती बाळापुरावरून गेली नाहीं. सुमारें सहा मैलांवरच्या पारसवरून निघून गेली. पेठ अकोल्याला वाढली. बाळापूर तालुक्याचें गांव म्हणून राहिलें, आणि येथल्या शिकलेल्या मुलांनीं कामासाठीं बाहेर जावयाचें, हा पायंडा पडला.

मोबाइलच्या जाळ्यानें मात्र बाळापुरास वगळलें नाहीं. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि दोनतीन वर्षांत कास्तकाराच्या खिशांतही तें जाऊन बसलें. परंतु ही सडक दुहेरी आहे, हें आमचे पुष्कळसे लेखक सांगावयास विसरतात. जिच्यावरून बाळापूरच्या कापडवाल्याला अकोल्याचें गिऱ्हाईक मिळूं शकतें, तिच्याच वरून सुरतेची साडी बाळापूरच्या आळींत घरपोंच येते. दुकानदाराला खरी टोंचणी या दुसऱ्या गोष्टीची आहे. काल लग्नाचा बस्ता ज्याच्याकडे बांधला गेला, त्याच्याच दुकानांत आज मुली येतात, पदर उलगडून पाहतात, आणि मोबाइलवरचा भाव दाखवून परत जातात. या माणसाला पान सांभाळणाऱ्याची गरज आहे; हौस म्हणून नव्हे, तर गल्ला रिकामा होऊं लागला म्हणून. ही गरज ज्याला नीट कळली त्याला गिऱ्हाईक शोधीत हिंडावें लागत नाहीं.

आमच्या वर्गांतील वडील माणसांना या व्यवसायाचा संकोच वाटतो, तो दुसऱ्याच कारणानें. दुसऱ्याच्या मालाची वाखाणणी करून पोट भरावयाचें, हें त्यांस शिक्षकी किंवा कारकुनीपेक्षां हलकें वाटतें. त्यांना आम्ही एका मराठी घराण्याचें उदाहरण देतों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरानें जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकणें, हा तेथला रोजचा उद्योग. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातीचें काम त्यांच्याकडे आलें. त्यांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्र काढलें, तें कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत न्यावी म्हणून. त्याच पत्राचें पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें, आणि त्याच छत्राखालीं १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं, जीं आमच्या आज्यापणज्यांनीं दिव्याच्या उजेडांत वाचलीं. नांगराचा भाव सांगण्यासाठीं जो कागद निघाला, त्यांत वाचण्याजोगें कांहीं असावें एवढा विवेक शंकररावांनीं राखला. पान सांभाळणाऱ्यानें याहून निराळें कांहीं करावयाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आरंभाविषयीं. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकाच्या मुलीनें बाळापुरांत हें काम शून्यापासून उभें केलेलें आम्हीं जवळून पाहिलें आहे. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. पुण्यांत एका कचेरींत तिला नोकरी मिळत होती, पण राहण्याजेवण्याचा खर्च जातां हातांत फारसें उरणार नव्हतें, आणि घरीं आईची प्रकृति बरी नव्हती. भांडवल म्हणून तिच्याजवळ एक बऱ्यापैकीं कॅमेऱ्याचा मोबाइल, भावाचा जुना लॅपटॉप आणि वडिलांनीं घोटून घेतलेलें शुद्धलेखन, एवढेंच होतें.

तिनें पहिले तीन महिने कोणाचेंही काम घेतलें नाहीं. बाळापूरच्या किल्ल्यावर, नदीच्या घाटावर, छत्रीवर स्वतःचेंच एक पान चालविलें. रोज एक छायाचित्र, चार ओळी. सकाळीं टाकलेलें किती लोक पाहतात, रात्रीं टाकलेलें किती. लांब मजकूर कोण वाचतो. बाहेरगांवीं गेलेले बाळापूरकर कशानें ओलावतात. हें तिनें एका वहींत टिपून ठेवलें. या धंद्याचें शिक्षण देणारे वर्ग शहरोशहरीं निघाले आहेत आणि त्यांची फी ऐकून छाती दडपते. गूगल आणि मेटा या कंपन्या आपापलीं साधनें कशीं वापरावींत याचे धडे स्वतःच फुकट देतात. तीन महिन्यांची वही आणि हे धडे मिळून बहुतेक वर्गांच्या तोडीचे होतात, असें आमचें मत आहे. प्रमाणपत्र बाळापुरांत कोणी विचारीत नाहीं. 'तूं काय केलेंस तें दाखव' एवढेंच विचारतात, आणि तिच्यापाशीं दाखवावयास किल्ल्याचें पान होतें.

पहिलें काम नात्यांतलें. मामांचें किराण्याचें दुकान. येथें पुष्कळांची गाडी चिखलांत रुतते. कारण नात्यांतलें काम फुकट सुरू होतें आणि फुकटच राहतें. तिनें मामांना सांगितलें, 'मामा, दोन महिने मी पैसे घेणार नाहीं. तिसऱ्यापासून घेईन, आणि नको असेल तर मोकळेपणीं नाहीं म्हणा.' मुदत आधीं सांगितली म्हणून रुसवा झाला नाहीं. त्या दोन महिन्यांत तिनें रील वगैरे कांहीं केलें नाहीं. गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा चुकीच्या बोळांत दाखविली जात होती, ती सुधारली; दूरध्वनीचा क्रमांक जुना होता, तो बदलला; दुकान उघडण्याची व मिटण्याची वेळ घातली; आणि व्यापाऱ्यांसाठीं २०१८ सालीं निघालेलें व्हॉट्सॲपचें निराळें रूप मामांच्या मोबाइलवर बसवून त्यांत मालाची यादी भावासकट चढविली. या सर्वांस एक पैसा लागत नाहीं. लहान गांवांत पहिला लाभ बहुधा अशाच नीरस कामांतून होतो. नाचऱ्या चित्रफितींचा नंबर त्यानंतर.

दुसरें काम कापडाच्या दुकानाचें, आणि तें पैशाचें. येथें तिच्या भाषेची परीक्षा झाली. दुकानदाराचा आग्रह होता कीं, अकोल्याच्या मोठ्या दुकानांसारखें 'एक्सक्लुझिव्ह कलेक्शन' असें लिहावें. तिनें लिहिलें कीं, या लुगड्याचा रंग तीन धुण्यांनंतर कसा दिसतो तें छायाचित्रांत पाहा, आणि खरोखरच धुतलेलें लुगडें उन्हांत धरून त्याचें छायाचित्र दिलें. भावही उघड लिहिला. भाव विचारण्यासाठीं निरोप पाठवा, असें लिहिण्याची जी खोड या माध्यमांवर पडली आहे, ती आम्हांस अगदीं नापसंत आहे. दुकानांत शिरलेल्या बाईला भाव न सांगतां आधीं नांवगांव विचारण्यासारखें तें होतें. बाळापुरांत मराठीइतकेंच हिंदी-उर्दू बोलणारें गिऱ्हाईक आहे. तेव्हां रमजानच्या महिन्यांत तीच वार्ता साध्या हिंदींतही गेली. शुद्धलेखन वडील तपासीत. 'मी चाळीस वर्षें वह्या तपासल्या, आतां दुकानाच्या पाट्या तपासतों,' असें ते हंसून म्हणत. पण एकही मजकूर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

गांवाचें पंचांग ठाऊक असणें हें या कामांतलें मोठें भांडवल होय. जूनमध्यें पाऊस पडेपर्यंत बियाण्यांची धामधूम. त्या दिवसांत कृषि केंद्रवाल्याचें पान रोज बोललें पाहिजे आणि सोनाराचें गप्प राहिलें तरी चालतें. पोळ्याला बैलांच्या साजाची दुकानें. दसऱ्यानंतर कापूस घरांत येऊं लागला, सोयाबीन बाजारांत गेलें, म्हणजे वऱ्हाडांत हातीं पैसा खेळतो, आणि लग्नसराईची खरेदी त्याच्या मागोमाग येते. माघ वद्य सप्तमीला शेजारच्या शेगांवीं गजानन महाराजांचा प्रकटदिन. त्या सुमारास रस्त्यावरून जाणाऱ्या दिंड्यांना फराळाचें दुकान कोठें, पाण्याची सोय कोठें, हें सांगणारें पान लोक आपणहून एकमेकांस पाठवितात. पुण्यांत बसलेल्या कंपनीला हें ठाऊक नसतें. अलीकडे मजकूर लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. सांगितल्याबरोबर तीं साडीवर दहा ओळी खरडून देतात, आणि त्या दहा ओळी देशांतल्या कोणत्याही साडीला चालतात. यंदा पाऊस उशिरां आला म्हणून बाळापूरचा कास्तकार अक्षय्यतृतीयेच्या उधारीचें काय करणार आहे, हें त्या यंत्राला कोण सांगणार? निव्वळ ओळी जुळविणाऱ्यांची मजुरी या यंत्रांनीं जाईल, यांत शंका नाहीं. ती जाऊं लागलीही आहे. ज्याला गांव ठाऊक आहे त्याची इतक्यांत जाणार नाहीं.

मोबदल्याविषयीं स्पष्ट बोलावें. कापडवाल्याशीं तिचें महिना तीन हजार रुपयांवर ठरलें होतें. आठ छायाचित्रें, चार रील, आणि रोज आलेल्या निरोपांना उत्तरें. ऐकावयास बरें वाटतें. पण तिनें वहींत तास मांडले तेव्हां उत्तरांचा रोज अर्धा तास, म्हणजे महिन्याचे पंधरा, एका रीलला अडीच प्रमाणें दहा, छायाचित्रांचे पांच, मिळून तीस तास झाले. तासाला शंभर रुपये पडले, आणि त्यांतून मोबाइलचा खर्च, वीज, अकोल्याला जाणें हें वजा व्हावयाचें. सहा महिन्यांनीं तिनें दर पांच हजार केला. दोघे गेले, तिघे राहिले, एक नवा आला. चार धंद्यांचे मिळून वीस हजार. कामाचे तास एकशेंवीस. हे आंकडे एका मुलीच्या वहींतले आहेत, त्यांवरून दुसऱ्या कोणीं आपलें अंदाजपत्रक बांधूं नये; मात्र तास मांडण्याची रीत उचलावी. पहिल्या सहा महिन्यांत तर तिची मिळकत एखाद्या शिकवणीवालीइतकीही नव्हती. ज्या घरांत पुढच्या महिन्याचा किराणा मुलाच्या कमाईवर अवलंबून आहे, त्या घरीं हें काम चालती नोकरी सोडून सुरू करूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों. परीक्षेची तयारी करणाऱ्याला मात्र दोन धंद्यांचीं पानें सांभाळून अभ्यास करतां येतो.

वसुली हें दुखणें वेगळेंच. एका दुकानानें, त्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं, तिचे तीन महिन्यांचे पैसे 'ताई, उद्यां देतों' म्हणतां म्हणतां बुडविले. तेव्हांपासून ती महिन्याच्या आरंभींच पैसे घेते, आणि कराराचा एक कागद करते. त्यावर काय करावयाचें, किती करावयाचें, कोणत्या तारखेस पैसे, काम सोडावयाचें झाल्यास किती दिवस आधीं कळवावयाचें, एवढें मराठींत लिहिलेलें असतें व दोघांच्या सह्या असतात. जाहिरातीवर खर्चावयाचा पैसा ती स्वतः कधींही भरीत नाहीं. तो मालकाच्या खात्यांतून परस्पर जातो. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती घरबसल्या व फुकट होते, तीही तिनें करून घेतली. वस्तु व सेवा कराच्या नोंदणीचें ओझें, सेवेचा धंदा करणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याखेरीज सामान्यतः पडत नाहीं; पण हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून हवी.

आतां ज्या गोष्टीवर हा सारा व्यवसाय उभा आहे, तिच्याकडे वळतों. दुकानदार आपली किल्ली दुसऱ्याच्या हातीं देतो. तुम्ही त्याच्या नांवानें बोलतां. तुम्हीं रात्रीं अकरा वाजतां लिहिलेला उर्मट शब्द सकाळीं त्याच्या तोंडीं जातो. म्हणून पान नेहमीं मालकाच्या नांवावर असावें आणि सांभाळणाऱ्यानें त्यांत केवळ नेमलेल्या कारभाऱ्याचा हक्क घ्यावा. फेसबुकच्या पानावर तशी सोय आहे. गुप्तशब्द कागदावर लिहून एकमेकांस देण्याची चाल सोडावी, आणि खात्याला दुहेरी कुलूप, म्हणजे गुप्तशब्दाखेरीज मोबाइलवर येणारा अंकही, लावून घ्यावें. अहमदनगर जिल्ह्यांतील, आतांच्या अहिल्यानगरांतील, सारोळा कासार गांवच्या सुमन धामणे या सुमारें सत्तर वर्षांच्या आजींनीं २०२० सालीं 'आपली आजी' या नांवानें यूट्यूबवर स्वयंपाक दाखविण्यास आरंभ केला. पानाची सारी व्यवस्था त्यांचा नातू यश पाठक पाही. थोड्याच महिन्यांत लाखों लोक आजींचें कालवण पाहूं लागले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कोणीं चोरट्यानें तें खातेंच पळविलें. कांहीं दिवसांनीं तें परत मिळालें, म्हणून ही गोष्ट सुखान्त झाली. सगळ्यांची तशी होत नाहीं.

शिवाय जमीन भाड्याची आहे, हें विसरूं नये. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉक बंद केलें, तेव्हां महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलामुलींचें वर्षादोन वर्षांचें काम एका रात्रींत दिसेनासें झालें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हीं तिन्ही, एकाच मालकीचीं असल्यामुळें, सुमारें सहा तास एकदम बंद पडलीं. म्हणून गिऱ्हाइकांचीं नांवें व क्रमांक, त्यांच्या संमतीनें, दुकानाच्या स्वतःच्या वहींत असलेच पाहिजेत. बाळापूरच्या त्या मुलीनें कापडवाल्याला ही वही घालावयास लाविली, तेव्हां तो म्हणाला कीं, आमच्या वडिलांची अशी वही होतीच, आम्हींच बंद केली.

कायद्याचीही ओळख हवी. एके दिवशीं एक औषधवाले गृहस्थ तिच्याकडे आले. मधुमेह मुळापासून घालवितों, अशी रील करून हवी होती, आणि पैसे दुप्पट देणार होते. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदु इत्यादि अनेक रोगांवर हमखास गुण देण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधींच्या कायद्यानें निषिद्ध आहे, आणि तो कायदा अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यांत कोणत्याही प्रकारें भाग घेणाऱ्यास लागू होतो. म्हणजे मालकाबरोबर लिहिणाराही त्यांत सांपडतो. तिनें नाहीं म्हटलें. त्या महिन्यांत घरीं पैशाची निकड होती, हें आम्हांस ठाऊक आहे; म्हणून या नकाराची नोंद येथें मुद्दाम करतों. वकिलांस आपल्या धंद्याची जाहिरात करण्याची बार कौन्सिलच्या नियमान्वयें मनाई आहे, डॉक्टरांवरही त्यांच्या परिषदेचे निर्बंध आहेत. अशांचें काम घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें. सिनेमाचें गाणें दुकानाच्या रीलला जोडूं नये. खासगी खात्याला जें संगीत वापरतां येतें तें धंद्याच्या खात्याला वापरतां येईलच असें नाहीं. आणखी एक बारकावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेलें छायाचित्र, निराळा करार नसल्यास, सांगणाऱ्याच्या मालकीचें होतें. पण स्वतंत्रपणें काम करणाऱ्यानें लिहिलेला मजकूर लेखी हस्तांतर केल्यावांचून लिहिणाऱ्याचाच राहतो. करारांत एक ओळ घातली म्हणजे पुढचें भांडण टळतें.

मुलींच्या आणि सुनांच्या बाबतींत दोन शब्द अधिक. काम घरबसल्या आहे म्हणून तें दिवसरात्र चालावें, अशी समजूत दुकानदार करून घेतात आणि घरचीही करून घेतात. रात्रीं दहा वाजतां 'ताई, एवढें टाकून द्या ना' असा निरोप येतो. दुपारीं सासूबाई म्हणतात, 'घरींच तर आहेस, जरा निवडणें घे.' दोहोंचा उपाय वेळ ठरविणें हाच. रात्रीं आठनंतर आलेल्या निरोपाला 'दुकान बंद आहे, सकाळीं उत्तर देऊं' असें आपोआप उत्तर जाण्याची सोय व्हॉट्सॲपच्या व्यापारी रूपांत आहे, ती वापरावी. दुकानाच्या पानावर स्वतःचा क्रमांक कधींही देऊं नये. अभद्र शेरे येतात. ते वाचून त्रास करून घेण्यापेक्षां नोंदवून ठेवावे, शेरा मारणाऱ्यास अडवावें, आणि धमकी असेल तर मालकाला व पोलिसांना कळवावें. ही गोष्ट मुलीनें लपवूं नये एवढा मोकळेपणा घरांत असला पाहिजे. सुनेनें मिळविलेला पैसा तिच्या स्वतःच्या खात्यांत जमा व्हावा, हें आम्ही वेगळें सांगूं नये. पण सांगण्याची वेळ अजून येते.

काम सोडण्याचीही एक रीत आहे. गेल्या वर्षीं कापडवाल्यानें आपल्या भाच्याला हें काम द्यावयाचें ठरविलें. भाचा घरचा, शिवाय फुकट करणारा. मुलीला वाईट वाटलें, पण तिनें करारांतील महिन्याची मुदत पुरी केली. दिवाळीसाठीं काढलेलीं छायाचित्रें भाच्याच्या हवालीं केलीं, कोणत्या गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावयाचें राहिलें आहे त्याची यादी दिली, भाच्याला पानावर कारभारी नेमावयास मालकाला शिकविलें, आणि शेवटीं त्याच्याच समोर बसून पानावरचें स्वतःचें नांव काढून टाकलें. तिच्या वडिलांनीं त्या महिन्याचा हिशेब पुरा करून कापडवाल्याचें पान वहींत बंद केलें. पुढच्या आठवड्यांत पारसच्या रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाचा मालक घरीं आला. कापडवाल्यानेंच त्याला तिच्याकडे पाठविलें होतें.